शून्याचं वर्गमूळ

बंगलोर, ९ सप्टेंबर १९६७

प्रिय रत्नाकर,

तुझी तीन पत्रं आली आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. वेळ नव्हता असं लिहिणार होतो, पण ते खोटं झालं असतं. मँचेस्टरच्या त्या नव्या कॉम्प्युटरचं वर्णन वाचून माझ्या पोटात दुखलं, एवढंच. तुझ्या विद्यावहिनीने पाकिटांवरची तिकिटं जपून ठेवली आहेत, त्याचाही मला राग येतो.

आम्ही मल्लेश्वरमच्या त्याच घरात आहोत. घरमालकीण तुंगाबाई अजून तुझंच नाव घेतात. तू त्यांचा रेडिओ एकदा दुरुस्त केलास, नंतर दोनदा मी केला, पण गुण तुझ्या हाताचा. परवा मला म्हणाल्या, "रत्नाकर अण्णा स्वल्प हसायचा तरी. तू सदा एरंडेल प्यायल्यासारखा." यावर हसून दाखवावं लागलं.

आता तुला न सांगितलेली गोष्ट. तू गेलास त्याच आठवड्यात खिडकीजवळचं तुझं कपाट मी मागून घेतलं. विमानाच्या पंखावरच्या ताणाचं गणित करणारा तुझा प्रोग्रॅम होता ना, त्याची शब्दांतली मूळ, भोकं पाडलेली कार्डं आणि छापील प्रत, सगळं मी रद्दीत दिलं. यंत्र रोज चालतं ते त्याच सूचनांच्या आकड्यांतल्या गठ्ठ्यावर, मग शब्दांचा गठ्ठा कशाला जागा अडवतोय, असं मी स्वतःला पटवलं. खरं कारण असं की प्रत्येक कार्डाच्या कडेला तुझं नाव होतं.

जूनमध्ये नव्या पंखाचं काम आलं. प्रोग्रॅम बदलायला हवा आणि मूळ प्रत नाही. श्रीधरराव डिसेंबरात निवृत्त होतायत, त्यांच्या जागी विभागप्रमुख मीच होणार असं सगळे धरून चालले होते. ते शांतपणे म्हणाले, मग रत्नाकरलाच परत बोलवावं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दोन महिन्यांची मुदत मागितली. म्हटलं, आकड्यांवरून मूळ सूचना परत काढून देणारा प्रोग्रॅम मी लिहितो, तिकडे त्याला डिसअसेंब्लर म्हणतात. घरी विद्याला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे पिठाचे परत गहू करायचे. तसंच काहीसं.

पहिल्या खेपेला तुझे स्थिरांकही सूचना समजून त्याने भलतंच काहीतरी छापलं. बेरीज, उडी, थांबा, पुन्हा बेरीज, कशाचा कशाला मेळ नाही. आठवडा त्यात गेला. मग सूचना कुठे संपतात आणि नुसते आकडे कुठे सुरू होतात त्याच्या हाताने खुणा करून दिल्या, तेव्हा कागद शहाण्यासारखा बोलू लागला. तू दिलेली नावं गेली होती, नुसते यंत्रातल्या जागांचे पत्ते होते, तरी ओळीओळीत तू दिसत होतास. जिथे मी दहा सूचना लिहिल्या असत्या तिथे तुझ्या सहा. रोज वाचत होतो आणि रोज जळत होतो. मी चूक शोधत होतो रे. एखादी ढोबळ, सर्वांना दाखवता येईल अशी.

ती सापडली. वर्गमूळ काढणाऱ्या भागाच्या सुरुवातीलाच एक उडीची सूचना, थेट प्रोग्रॅमच्या पार शेवटी नेणारी. तिथे पाच सूचना आणि मग परत उडी. असं ठिगळ तू लावावंस याचा मला इतका आनंद झाला की त्या दिवशी विद्याला घेऊन बाहेर डोसा खायला गेलो. दुसऱ्या दिवशी त्या पाच ओळी नीट वाचल्या. संख्या शून्य आहे का पाहा, असेल तर शून्यच उत्तर दे. वर्गमुळाचा तो भाग माझा होता. मी तुला लिहून दिलेला. शून्य आलं की तो शून्याने भागायला जायचा, आणि पंखाच्या टोकाला ताण शून्यच असतो.

मग पासष्टचं ते प्रात्यक्षिक आठवलं. पाहुण्यांसमोर यंत्र थांबलं. कार्ड अडकलंय म्हणालास आणि मला त्यांना कॉफीला घेऊन जायला सांगितलंस. आम्ही येईपर्यंत सगळं सुरळीत. त्यानंतर दोन वर्षं मी तुला चिडवत होतो की तुझा भाग अडतो, माझा कधी अडत नाही. तू हसायचास. तू मला तेव्हाच झापलं असतंस तर मी विसरलो असतो. हे असं झाकून ठेवणं मला सोसवत नाही.

त्या पाच ओळी कुणाच्या हे इथे कुणालाच कळलं नसतं. मी त्या छापील कागदाच्या समासात लिहिलं, 'मूळ चूक माझी, दुरुस्ती रत्नाकरची', आणि कपाटाचंही तोंडी सांगून टाकलं. श्रीधररावांनी समासातलं वाचलं. मग म्हणाले, "दामोदर, काम तू चोख केलंस. पण आता मला त्याला विचारावंच लागेल."

त्यांचं पत्र सोबत आहे. टपालात मी टाकतो म्हणून मागून घेतलं आणि चार दिवस खिशात ठेवलं. विभागप्रमुखाची जागा तुला देऊ केली आहे, महिन्याच्या आत होकार कळवायचा आहे. तू हो म्हणालास तर मला तुझ्या हाताखाली काम करावं लागेल, आणि तू ते मला कधी जाणवू देणार नाहीस, हेच मला नको आहे. ये असं माझ्या हातून लिहवत नाही. या ओळीच्या वर 'येऊ नकोस' लिहिलं होतं, ते खोडलं आहे. शाई पातळ आहे, तुला वाचता येईल.

अजून धुमसणारा, तरी तुझाच,
दामोदर