दुसऱ्या दाईची मागणी

माय, तुला जाऊन चाळीस वर्षं होत आली आणि मी अजून चिडलेली आहे. त्या सहा जणांवर, तुझ्यावर, स्वतःवर. कोणावर जास्त, ते दर वेळी बदलतं. आज गुडघ्याचं औषध आणायला सरकारी दवाखान्यात गेले होते. बाळंतिणींच्या खोलीबाहेर एक नर्स दुसरीला म्हणाली, "तू जेवून ये, मी आहे इथं." एवढंच. मी तिथल्या बाकावर बसून राहिले आणि औषध न घेताच घरी आले. तुझ्या सगळ्या नोकरीत "मी आहे इथं" असं तुला कोणी म्हणालं नाही.

बाबा गेल्यावर जाफराबादकडच्या आपल्या गावात दिरांच्या शेतात तू राबत राहिली असतीस, तर तुला कोणी नावं ठेवली नसती. तू मला घेऊन जालन्याला आलीस, दवाखान्यात दाईचं काम शिकलीस, आणि नदीच्या दोन्ही बाजूंच्या जालन्याला एकटी पुरी पडायला निघालीस. दवाखाना एका तीरावर, निम्मं गाव दुसऱ्या. ज्या दुपारी तू अलीकडं एका बाईची जुळी सोडवत होतीस, त्याच दुपारी पलीकडं कापडाच्या दुकानांमागच्या गल्लीतून तुला दोनदा बोलावणं आलं. तू पोचलीस तेव्हा ती पोरगी रक्त जाऊन संपली होती. एकोणीस वर्षांची, माझ्याच वयाची. तिची सासू तुला दारातच म्हणाली, "तू एकटी. दोन जागी कशी येशील बाई?" तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तू मला म्हणालीस. घरी येऊन तू किती तरी वेळ बादलीत हात बुडवून बसली होतीस.

दुसरी दाई द्या, ही मागणी दवाखान्याचे डॉक्टरसाहेब दर साली वर पाठवत. ती दर साली परत येई. मग त्या वर्षी कळलं की हैदराबादच्या निजामाच्या कौन्सिलातले काही सभासद औरंगाबादला येणार आहेत, खात्यांच्या मागण्या समोरासमोर ऐकून मगच अंदाजपत्रकात घेणार आहेत. डॉक्टरसाहेब तुला म्हणाले, "बाई, माझं बोलणं त्यांनी कागदावर फार वेळा वाचलंय. या वेळी तुम्हीच चला." तुला बाजारातली, बायकांची उर्दू येत होती, पलीकडच्या गल्ल्यांमधल्या बाळंतिणींशी तू तीच बोलायचीस. पण कचेरीची उर्दू ऐकली की तुझी जीभ अडायची. माझं शिक्षण सरकारी शाळेत सगळं उर्दूतच झालेलं. म्हणून मी तुझी दुभाषी.

आदल्या दिवशी तू चुलीपुढं बसून भाकरी थापता थापता बोलून पाहत होतीस आणि मी दाराच्या उंबऱ्यावर बसून ते उर्दूत करत होते. मी एका ठिकाणी "मेहेरबानी" घातलं. तू थापायची थांबलीस. "ह्यो शब्द मी म्हणले का?" म्हटलं, तसं बोलायची पद्धत असते. "पद्धत असंल. मी भीक मागून न्हाई राह्यले. मी जे म्हणंल तेच सांगायचं, इकडचं तिकडं करायचं न्हाई." आणि तू पिठाच्या हातानं माझ्या गुडघ्यावर चापट मारलीस. तुझं बरोबर होतं. मला राग आला होता तरी.

औरंगाबादच्या त्या कचेरीत आपण सकाळपासून व्हरांड्यात बसलो. आत सरकारी विश्रामगृहाच्या पडद्यांवर चर्चा चालली होती. पडदे दर साली बदलावेत की दोन सालांनी, यावर सहा मोठी माणसं जेवणाच्या वेळेपर्यंत बोलत होती, हे मी दारातून माझ्या कानांनी ऐकलं. रस्त्यांची मागणी त्यांनी चहा पिता पिता मंजूर केली. आपल्याला आत घेतलं तेव्हा दुपार कलली होती आणि त्यातले दोघं घड्याळ बघत होते. त्यांनी तुला बसायला सांगितलं नाही. तू बाळंतपणांचं रजिस्टर छातीशी धरून उभी होतीस, नवं लुगडं, डोईवर पदर, आणि चेहरा असा की जणू कुणाचं मूल आडवं आलंय.

मधल्या सभासदानं विचारलं, दुसरी दाई नसल्यानं किती बायका मेल्या ते रजिस्टरात दाखवा. मी तुला मराठीत सांगितलं. तू रजिस्टर उघडलंसुद्धा नाहीस. म्हणालीस, "ज्या माझ्यापत्तूर आल्याच न्हाईत, त्यांचं नाव मी कुठं लिहू?" हे मी जसंच्या तसं सांगितलं, माय. हे मी चोख सांगितलं. तो म्हणाला, "नोंद नाही म्हणजे गरजेचा पुरावा नाही." डॉक्टरसाहेब काही बोलायला गेले तर त्यांना हातानं थांबवलं. मग शेजारचा जाडजूड सभासद हसत म्हणाला की गल्लोगल्ली सुइणी आहेतच की, आपण सगळे त्यांच्याच हातून जन्मलो.

तू माझ्या सांगण्याची वाट पाहिली नाहीस. तेवढी उर्दू तुला कळली होती. पण बोललीस मराठीत, माझ्याकडं बघून. "इचार त्याला, त्याच्या सुनंची येळ आली तर गल्लीतली सुईण बोलावणार, का हैदराबादची मडम डाक्टर? आन् त्याची सून मेली तर ती कोणत्या रजिस्टरात लिहायची, हेबी इचार."

त्यांना शब्द कळले नसतील, पण आवाज कळला होता. सगळे माझ्याकडं बघत होते. आणि मी म्हणाले, माझ्या शाळेतल्या उत्तम उर्दूत, की आई अर्ज करते की सन्माननीय सभासदांनी आपल्या घरच्या लेकीसुनांना डोळ्यांसमोर आणून या मागणीवर मेहेरबानीनं विचार करावा. ते हसले. छान हसले. मधल्यानं "मुनासिब गौर किया जाएगा" म्हणून पुढचा कागद ओढला. योग्य तो विचार केला जाईल. म्हणजे काय होणार, ते डॉक्टरसाहेबांच्या चेहऱ्यावर तेव्हाच दिसलं.

परतीच्या गाडीत तू खिडकीकडं तोंड करून बसलीस. बदनापूर गेलं तेव्हा विचारलंस, "समदं सांगितलंस ना?"

"सांगितलं. बराबर सांगितलं."

"मंग हसले कशापायी?"

मी म्हटलं, तुझ्या धाडसाचं त्यांना कौतुक वाटलं. तू माझ्याकडं बघितलंस आणि पुन्हा बाहेर बघायला लागलीस. "मेहेरबानी" हा शब्द तुला कोणत्याही भाषेत कळला असता. तू ऐकला होतास की नव्हता, हे मला कधी कळलं नाही. तू ऐकला असशील तर तेव्हाच माझ्या कानाखाली का वाजवली नाहीस, याचाच मला इतकी वर्षं राग आहे.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. दाई नामंजूर. मात्र बाळंतपणांची नोंद नीट ठेवली जात नसल्याचं निदर्शनास आल्यावरून एक कुलपाचं कपाट मंजूर. लोखंडी, हिरवं, चांगलं मजबूत कपाट. डॉक्टरसाहेबांनी ते पत्र टेबलावर आपटलं. तू मात्र कपाट पुसून घेतलंस, रजिस्टरं लावलीस आणि पलीकडून बोलावणं आलं तशी टांग्यात बसलीस. मला वाटलं होतं तू भांडशील. पुढं निजामाचं राज्य गेलं. नव्या साहेबांनी डॉक्टरांना सांगितलं की जुन्या सरकारच्या मागण्या रद्द समजाव्यात, नव्यानं अर्ज करा. तू नव्यानं अर्ज केलास. मीच लिहून दिला, मराठीत, तुझ्या शब्दांत, एक अक्षर न बदलता. तोही परत आला. दुसरी दाई आली ती तू घरी बसल्यावर, आणि तिला कुलपाची किल्ली कुठं असते ते दाखवायला तू काठी टेकत गेली होतीस.

म्हणजे तुझे शब्द मी खरे सांगितले असते तरी काही झालं नसतं, असं मी स्वतःला पटवत आले. पटतंसुद्धा. पण मी घाबरले म्हणून बदलले, असं मी मास्तरीणबाई झाल्यावर मैत्रिणींना सांगायची, तेही खरं नाही. मी घाबरले नव्हते. आत मी बोलत होते तेव्हा तो मधला सभासद मान डोलवत होता, आणि निघताना डॉक्टरसाहेबांना म्हणाला, पोरीची जबान फार साफ आहे, वाटत नाही खेड्यातली आहे. हे मी तुला गाडीत सांगितलं नाही. त्या खोलीत माझी उर्दू चांगली वाटावी एवढंच मला हवं होतं, माय. आणि त्याचं ते वाक्य आज या वयातही आठवलं की, रागाच्या आत कुठंतरी, मला बरं वाटतं.