शेवटच्या रेघांतलं नाव

मास्तर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्यापेक्षा वयाने मोठी आहे. तुमच्यासमोर उभं राहून जे बोलायला हवं होतं ते कागदावर उतरवायला मला म्हातारपण यावं लागलं, यातच माझी हिंमत किती ते आलं.

गिरगावातलं तुमचं दुकान म्हणजे दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने पायरीवर थांबावं एवढंच. ग्रामोफोन दुरुस्त करायचे आणि जुन्या तबकड्यांतली अस्सल कुठली, मागाहून काढलेली नक्कल कुठली, ते सांगायचं. त्यासाठी लोक पार माटुंग्याहून यायचे. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला बजावलंत, "डोळ्यांवर विसंबू नकोस. कागद जुना दिसायला चहाचं पाणी पुरतं." लेबलाच्या कडेवरून नख फिरवायचं. तबकड्या लाखेच्या; अस्सल तबकडीत कागद गरम लाखेतच दाबलेला असतो, नख अडत नाही. वरून चिकटवलेला असला की अडतं. मग लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीवर हाताने कोरलेला नंबर आहे का ते तिरप्या उजेडात पाहायचं. मग नवी सुई लावून एकदाच वाजवायची. एका रेकॉर्डवरून दुसरी काढली असेल तर गाण्याखाली आधीच्या रेकॉर्डची खरखरही ऐकू येते. आणि फार जुन्या तबकड्यांची एक वेगळीच खूण होती. गाणं संपलं की गाणारी बाई घाईघाईने आपलं नाव सांगायची, तेही इंग्रजीत, कुणीतरी पढवलेलं, कारखान्यात तबकड्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून. पुढच्या नकलांतून ते नाव बहुतेक कापलेलं असायचं.

मी परळच्या चाळीतली, गिरणी कामगाराची मॅट्रिक झालेली मुलगी. आमची जात दुकानात येणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होती. "मास्तर, नाजूक माल हिच्या हातात कशाला देता?" असं एका गिऱ्हाइकाने माझ्यादेखत विचारलं होतं. "तिचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत," एवढंच तुम्ही म्हणालात. त्या वाक्याने मला अभिमान वाटायला हवा होता. मला धडकीच भरली. माझ्या हातून काही फुटलं तर ते माझ्या एकटीच्या हातून फुटणार नव्हतं.

आणि मग त्या बाई आल्या. ठाकूरद्वारच्या जुन्या, खात्यापित्या घरातल्या, पांढऱ्या नऊवारीतल्या. त्यांच्या थोरल्या बहिणीने तरुणपणी कंपनीत गाऊन एकच रेकॉर्ड दिली होती. घरात बोभाटा झाला, वडिलांनी होत्या तेवढ्या तबकड्या फोडल्या, आणि बहीण लवकरच गेली. "गाणं मला पाठ आहे हो," बाई म्हणाल्या. "पण शेवटी ती नाव सांगते म्हणतात. मला तिचं बोलणं ऐकायचंय एकदा." चोरबाजारात मिळालेली तबकडी त्यांनी पदराआडून काढून दिली. धुऊन, तपासून ठेवतो, परवा या, असं तुम्ही सांगितलंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात एकटी आहे. रस्त्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा चालल्या आहेत. "पुढे काय चाललंय बघून येतो, फळ्या लावून घे," म्हणून तुम्ही बाहेर पडलात. मी तबकडी घेते. नख अडत नाही. नंबर हाताने कोरलेला आहे. न धुता वाजवायची नाही हा तुमचा नियम, पण मला राहवत नाही. गाणं संपतं आणि नाव येतं. अस्सल! बाईंचा चेहरा कसा होईल ते मनात आणत मी ती धुवायला घेते. टेबलावर पाण्याची बाटली आणि शेजारी मशीनचं पितळ पुसायच्या स्पिरिटची. तेवढ्यात गोळ्यांचा आवाज येतो. पहिल्यांदा फटाके वाटतात. मग पुन्हा येतो, आणि पळणारे पाय, आणि फळ्यांवर कुणाचे तरी हात. तुम्ही बाहेर आहात. हाताला आलेली बाटली मी फडक्यावर ओतली आणि पुसत राहिले, कारण हात थांबला असता तर मी किंचाळले असते. वास आला तोवर उशीर झाला होता. लाखेला स्पिरिट लागलं की ती विरघळते. लेबलाभोवतीच्या, आवाज कोरलेल्या शेवटच्या रेघा करड्या, चिकट होऊन एकमेकींत मिसळल्या होत्या. गाणं शाबूत होतं. नाव गेलं होतं.

तुम्ही परतलात ते अश्रुधुराने झोंबणारे डोळे चोळत. मी रडायला लागले, आणि तुम्हाला वाटलं तुमच्या काळजीने रडतेय. तेही खरंच होतं. "काय निघालं गं?" तुम्ही विचारलंत.

"नक्कल."

"शेवटी नाव?"

"नाही."

संचारबंदी उठल्यावर बाई आल्या. तबकडी त्यांना द्यायला तुम्ही उचललीत, सवयीने अंगठा आतल्या कडेवर गेला आणि तिथेच थांबला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "नक्कल आहे बाई," तुम्ही म्हणालात. "शेवटी नाव नाही." सगळं गिरगाव ज्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवायचं, तो शब्द तुम्ही माझ्यासाठी खोटा केलात. बाई म्हणाल्या, "म्हणजे अस्सल कुठेतरी असणारच ना?" तुम्ही मान डोलावलीत. त्या गेल्यावर स्पिरिटची बाटली उचलून वरच्या फळीवर ठेवलीत आणि कामाला लागलात. ओरडला असतात तर मी सुटले असते, मास्तर. याचा मला तुमच्यावर अजून राग आहे.

बाई शोधत राहिल्या. महिन्या-दोन महिन्यांनी कुठून तरी एखादी तबकडी घेऊन यायच्या, आणि पायरीवर त्यांची चाहूल लागली की मी हातातल्या कामात मान घालायचे. तुम्ही गेल्यानंतरही त्या येत होत्या. शेवटी अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांनी मला घरी बोलावून घेतलं, जवळ बसवलं. "तू एवढ्या बायकांची नावं ऐकलीस," त्या म्हणाल्या. "आमची कशी बोलली असेल गं?" मला जसंच्या तसं म्हणून दाखवता आलं असतं. ती घाई, तो सूर, सगळं कानात होतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, तुला कसं माहीत? मी म्हटलं, "काय सांगणार, बाई." आणि पुढ्यात आलेला चहा तसाच ठेवून उठले. दोन आठवड्यांनी त्या गेल्या.

आता हे ऐकायला कुणीच उरलेलं नाही, तरी हा कागद मी घडी करून साड्यांच्या तळाशीच ठेवणार आहे. एक गोष्ट तुम्हालाही कधी सांगितली नाही. नाव सांगून झाल्यावर ती हसली होती. इंग्रजी बोलताना जीभ अडखळली म्हणून असेल. अगदी थोडंसं, मशीन बंद झालंय असं समजून.