सभापतींनी नाव पुकारलं तेव्हा

जबलपूर, रविवार

प्रिय बाबा,

तुम्हाला आणि आईला इथूनच वाकून नमस्कार.

आम्ही दोघं नवरा-बायको बरे आहोत. अनिमेषचा खोकला कमी आहे, कारखान्यातून आल्यावर जिना चढतानाच तेवढा दम लागतो. आईचे गुडघे कसे आहेत?

तुमचे मित्र, खासदार जगन्नाथकाका यांचा प्रश्न परवा राज्यसभेत लागला. इथल्या रिछाईच्या कारखान्यांतली धूळ सरकारने किती वेळा तपासली, एवढंच त्यांना विचारायचं होतं. त्यासाठी सत्तर कामगारांच्या छातीचे एक्स-रे मीच गोळा करून पाठवले होते. त्यात अनिमेषचाही होता.

आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो. सभापतींनी दोनदा नाव पुकारलं, पण काकांची जागा रिकामी होती. अनिमेष म्हणाला, "बाथरूमला गेले असतील, थांब ना." तोवर पुढचा प्रश्न सुरू झाला, आणि विचारणाराच जागेवर नाही म्हणून आमचा प्रश्न तसाच गेला.

हजेरीत मात्र त्यांची सही आहे. काहून उठून गेले, असं मी फोनवर विचारलं. म्हणाले, "बेटा, पक्षातून वरून सांगितलं होतं, विचारू नका म्हणून. प्रश्नांच्या यादीत माझं नाव तर छापून आलं ना?"

तुमच्या पंचाहत्तरीला त्यांना खुशाल बोलवा, चाळीस वर्षांची मैत्री आहे. मी येईन, स्वयंपाकही करीन. फक्त पंगतीत त्यांच्या पानात वाढायला मला सांगू नका.

तुमची,
चैत्राली