हनुवटीने निवडलेली गिटार

प्रिय ठकू,

मी फोन उचलत नाही म्हणून आईजवळ कुरकुरलीस, ते पोचलं. राग रास्त आहे; पण आधी तुझ्या कामाचं ऐक. तू धाडलेले दोन्ही गिटारींचे फोटो मी चष्मा पुसपुसून पाहिले. जुळ्या बहिणी! कंपनी तीच, रंग तोच, अंगकाठीही तीच. मग ही पोर इतके दिवस कशावर घोळ घालतेय, म्हणून काल स्वतःच दुकानात गेलो. "बाबा, तुझे कान तिखट, तूच ठरव" असं लिहिलं होतंस ना, फुशारूनच गेलो म्हण.

दुकानदार बडबड्या, पण मनाचा चांगला. त्याने एकीच्या तारांखालच्या, आवाज पकडणाऱ्या डबीचं झाकण उघडून दाखवलं आणि मला हसूच आलं. चुंबकाभोवती तांब्याची तार गुंडाळलेली! अगं, हे तर आपलंच घराणं. मी जन्मभर विजेच्या जळक्या मोटारींत तार भरत आलो, आणि लेक निघाली त्याच तारेवर गाणी वाजवायला. फरक एवढाच, की एकीत गुंडाळी एकेरी, दुसरीत जोडीची. एकेरीचा आवाज लख्ख, पण मागे बारीक गुणगुण. जोडीचा भरदार, गुणगुण नाही, असं तो म्हणाला. दोन्ही वाजवून दाखवल्या, गुणगुण कळली ना, असंही विचारलं. मी जाणकारासारखी मान डोलावली.

आठवतं, शाळा सुटली की तू माझ्या कारखान्यात घुटमळायचीस? चालू मोटारीला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावून, मूठ कानामागच्या हाडावर टेकवून मी तिचं दुखणं शोधायचो. लगेच तुलाही हवं. डोळे मिटून ऐकायचीस आणि जाहीर करायचीस, हिच्या पोटात भुंगा आहे. बहुतेकदा निघायचाच गं भुंगा, म्हणजे झिजलेलं बेअरिंग!

काल तेच केलं. दुकानदाराला म्हटलं, तुझा तो आवाजाचा खोका बंद कर, नुसत्या तारा छेड. आणि गिटारीच्या लाकडावर हनुवटी टेकवली. बिचारा दचकला. काका, खरेदी करताय की झोप काढताय, म्हणाला. पण ठकू, काय सांगू! जोडीवालीत सूर आला, बसला नि उठून गेला. एकेरीवालीत तो दाढांतून वर चढला, कानशिलात घुमला आणि रेंगाळत राहिला, निघते निघते म्हणत दारात तासभर बोलणाऱ्या तुझ्या आत्यासारखा. फोटोत कळलं नव्हतं, पण तिची दांडीही हाताला जरा बारीक लागली, तुझ्या आखूड बोटांना जमेल. घेऊनच आलो.

आता फोनचं. तो वाजतो ते मला दिसतं, पोरी, दिवा लुकलुकतो म्हणून. उचलला तरी तू तीन खोल्यांपलीकडून बोलल्यासारखी वाटतेस आणि मी उगाच हो हो करतो. दुकानातली ती गुणगुणही मला ऐकू आली नव्हती. डॉक्टर म्हणतात, कानातली बारीक हाडं आखडलीत, आणखी आखडतील. पण डोक्याच्या हाडातून अजून छान पोचतं. आईला सांगितलंय, तुला मीच कळवणार. आणि हे फोनवर कसं सांगू? म्हणून हे पत्र. गिटार तुझ्या पलंगावर ठेवली आहे, पार्सलने धाडणार नाही. तू ये. तू वाजव, मी हनुवटी टेकवतो. आणि वाजवून झालं की दुसऱ्या टोकाला तूही हनुवटी टेकवून बोल काहीतरी. पोचेल बहुधा.

तुझाच, वाट बघणारा
बाबा