मोठ्या मापाची मूठ

प्रिय भाऊजी,

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनवर मला हल्ली बोलता येत नाही. मध्येच फोन बाजूला ठेवते आणि समोरचा बिचारा "हॅलो, हॅलो" करत बसतो. घर बरंचसं आवरून झालं. ऑक्सिजनचं मशीन परत नेलं. ह्यांचं वर्कशॉप लेकीने झाडून काढलं, रंधा, पटाशी आणि कानस एवढंच ठेवलंय. भुसा मात्र अजून कुठून कुठून निघतो. परवा माझ्या स्वेटरच्या खिशात सापडला. डॉक्टर म्हणाले होते की आयुष्यभर फर्निचर करताना हाच छातीत गेला, म्हणून तो दिसला की राग यायला हवा. पण मी तो खिसा अजून झटकलेला नाही.

तुम्हाला सांगायचंय ते वेगळंच. आजार वाढला होता, छोटं सिलिंडर खांद्याला अडकवल्याशिवाय बाहेर पडता येत नव्हतं, त्या दिवसांतली गोष्ट. एका सकाळी ह्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाले, "चल, पिस्तूल घ्यायचंय." मी म्हटलं, जिना चढताना दोनदा बसावं लागतं तुम्हाला, पिस्तूल कशाला? तर म्हणे, "नेमबाजीला जिना लागत नाही." मनात म्हटलं, माणसाला बरं व्हायची आशा वाटतेय, आपण कशाला मोडता घाला.

दुकान एका तळघरात होतं. काचेच्या कपाटात स्पर्धेची एअर पिस्तुलं ओळीने मांडलेली. दुकान चालवणारी बाई स्वतः खेळलेली होती. तिने एकाच्या नळीखालचं सिलिंडर दाखवलं, यातल्या दाबाच्या हवेवर छर्रा सुटतो म्हणाली. ह्यांनी आपल्या खांद्यावरच्या सिलिंडरवर टिचकी मारली. "म्हणजे आमचं दोघांचं सारखंच आहे." बिचारीला हसावं की नाही कळेना.

मग सुरू झालं. एक पिस्तूल पुढे जड, म्हणून नको. दुसऱ्याचा ट्रिगर सुटताना किरकिरतो, म्हणून नको. मला दोन्ही सारखीच दिसत होती, हे मात्र लाकूड पारखताना वाकायचे तसे कान लावून बसले होते. तिसरं हातात आलं. पुन्हा पुन्हा ट्रिगर ओढून पाहिला. म्हणाले, "हे खरं." श्वास लागला होता, पण चेहरा, भाऊजी, लग्नात पाहिला होता तसा.

राहिली धरायची लाकडी मूठ. बाईने ह्यांच्या पंजाचं माप घेऊन मध्यम मूठ लावून दिली. डोळे मिटून हात उचलायचा आणि मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी मागच्या खाचेत आपोआप बसली, तर मूठ आपल्या हाताची. तुम्हाला मी काय सांगते म्हणा. ह्यांनी केलं, माशी बरोब्बर बसली. बाई म्हणाली, "झालं की काम." हे म्हणाले, "मोठी दाखवा."

मोठी मूठ हातात नुसती फिरत होती. "काका, ही तुम्हाला नाही होणार," बाईने समजावलं. "असू दे," म्हणाले. मला वाटलं, वाळलेला हात पुन्हा भरून येईल असं धरून चाललेत. मला तिथेच रडू यायला लागलं, म्हणून मी कपाटाकडे तोंड करून उभी राहिले. तेवढ्यात आतल्या खोलीतून दुरुस्ती करणारा माणूस आला. ताडमाड उंच, फावड्यासारखे पंजे. ह्यांनी त्याला थांबवलं. "जरा हात द्या हो." त्याच्या हातात पिस्तूल दिलं, डोळे मिटायला लावले, हात उचलायला लावला. करंगळी कुठवर येते ते वाकून बघितलं, तळहाताखालची फळी स्क्रू फिरवून थोडी खाली घेतली. मग स्वतःशीच म्हणाले, "त्याची बोटं याच्याहून पेरभर लांब आहेत."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तसल्या बोटांचा आपल्या घरात एकच माणूस आहे, आणि तुम्हाला लांब्या म्हणणारं आता कोणी राहिलं नाही.

बाईने विचारलं, मूठ थोडी घासून देऊ का. हे म्हणाले, "नको. त्याचा तो घासेल. मी एकदा घासून बसलोय."

मी तेव्हा नवी होते घरात, पण सगळं आठवतं. दोघा भावांत एकच पिस्तूल. संघाची निवड तोंडावर आली असताना ह्यांनी त्याची मूठ आपल्या हाताला बसेल अशी घासली. तुमचा हात त्यात मावेना. हे निवडले गेले, तुम्ही राहिलात. मुद्दाम केलं म्हणालात तुम्ही, आणि ह्यांनी त्याला ना हो म्हटलं ना नाही. पुढे लग्नकार्यात भेटलो की दोघंही माझ्याशी बोलायचात, एकमेकांशी नाही. मुद्दाम होतं का, ते मलाही कधी सांगितलं नाही.

येताना टॅक्सीत खोका मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हटलं, कुरिअरने पाठवून देऊ? तर म्हणाले, "मी स्वतः नेऊन देणार. जरा दम सावरू दे." दम काही सावरला नाही. एकदा खिडकीत बसून तुमचा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. "रेंज नाही," म्हणाले. रेंज भरपूर होती, भाऊजी. त्यानंतर दवाखाना, मास्क, आणि मग तुम्ही आलात तेव्हा शुद्धच नव्हती. तुम्ही पायाशी उभे होतात. पांघरुणाबाहेर आलेलं त्यांचं पाऊल तुम्ही झाकलंत, ते मी पाहिलं.

त्या दिवशी निघताना गेटपाशी तुम्ही मला विचारलंत, "वहिनी, दादा शेवटी माझ्याबद्दल काही बोलला का?" मी नाही म्हटलं. तुम्ही मान हलवलीत आणि पाऊस नसताना छत्री उघडून चालायला लागलात. ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून हे लिहिलं. माझं उत्तर खरंच होतं. ते काही बोलले नाहीत, आणि मी आता त्यांच्या तोंडी गोड वाक्य घालणार नाही, ते तुम्हाला लगेच ओळखू येईल. पण त्या तळघरात एवढा वेळ उभं राहून, धापा टाकत, त्यांनी जे केलं ते मी बघितलंय आणि तुम्ही नाही. खोका कपाटात आहे. कोणाला पाठवू नका, स्वतः या. हात लावून बघा, आणि मूठ बसली नाही तर वर्कशॉपमध्ये कानस आहे.

तुमचीच,
वहिनी