नवराबायकोची दोन कुळं

सोमवार

चि. ठमीस आजीचे गालगुच्च्यासकट आशीर्वाद.

आधी आल्या त्या तुझ्या मॅडम. गाडीतून उतरल्या त्या थेट परसात. मी दारात उभी, पण मला पानं नाहीत, मग दिसणार कशी? मागून तुझा लेख तपासणारे सर, आठ्या घालून. वड, पिंपळ, उंबर सगळे एकाच कुळातले, हे दोघांनी मला चहा गार होईपर्यंत समजावलं. पुढे मात्र एकमत नाही. पान जरा खरखरीत लागलं की मॅडमना नवी जात हवी. सरांना सगळं जुन्यातच कोंबायचं. एकीला वाटण्या हव्यात, एकाला एकत्र कुटुंब. अगदी आपल्या घरातल्यासारखं वाटलं गं.

मग सरांनी तुझ्या लेखातल्या, आपल्या परसातल्या दोन्ही रानउंबरांची फळं कापली. हौदाजवळच्यात बारीक माश्याच माश्या, भिंतीजवळच्यात नुसतं बी. म्हणाले, या दोन जाती नव्हेत, एकाच जातीचे नर आणि मादी आहेत. म्हणजे नवराबायकोला तू दोन कुळांत घातलंस आणि वेगळी नावं देऊन लेखही धाडलास. शाबास. एवढ्यासाठीच तुला चष्मा लागला. मॅडम मात्र दोनच म्हणून अडून बसल्या. मला भारी मजा आली. तुझी नोकरी यावर अडलीय हे आठवलं, तेव्हा कुठे तोंडाला पदर लावला.

वेळेवर जेव. माया आहे तेवढीच राहू दे, वाढवलीस तर चालेल.

तुझी आजी

गुरुवार

ती. आजीस सा. न.

तुझी मजा झाली, माझी झोप उडाली. हौदाजवळची फळं मी किडकी समजून फेकली आणि पानांवरूनच जात ठरवली. उंबराच्या माश्या नराच्या फळात वाढतात आणि पराग नेतात, हे परीक्षेत लिहून मी पहिली आले होते. मॅडम म्हणतात, गप्प बस, दोन जाती असल्या की नोकरी पक्की. मी आज सरांना सांगितलं की चूक माझी. आता लेख परत येईल, मागोमाग बहुधा मीही. माझी खाट कोणाला देऊ नकोस. रागावलीस तरी लोभ असावा.

तुझी ठमी

मंगळवार

चि. ठमीस थोपटून आशीर्वाद.

खाट गेली. तिच्यावर सरांनी त्यांच्या वनस्पती संग्रहालयातल्या वाळक्या फांद्या पसरल्यात. मला बसायला पायरी. मॅडमही आल्या, तोंड फुगवून. सर दिवसभर आपली पानं एकेका फांदीशी ताडून पाहत कुरकुरत होते, कारण आपलं जोडपं कुठल्याच जुन्या जातीत बसेना. त्यांना फार दुःख झालं. शेवटी म्हणाले, जात नवीच दिसते, पण एकच. पिकलेली फळं पाहिली की नक्की सांगू. तसं ठरलं तर लेख तूच नव्यानं लिहायचा, आणि चूक स्वतःहून सांगणारी पोर त्यांना संग्रहालयात ठेवायचीय. मॅडम म्हणाल्या, माझं पहिल्यापासून हेच मत होतं. मी मान डोलावली. पाहुण्यांचं मन मोडू नये.

तू परत यायची घाई करू नकोस. आशीर्वाद पुरून उरतील इतके आहेत.

तुझी आजी

ता. क. फळं पिकली का ते बघायला दोघं शनिवारी येतो म्हणालेत.