मिठातला सोनकिडा

आये, आज तो सापडला. मालवणच्या किनाऱ्यावर, मर्यादावेलीच्या पानावर, ऊन चढायच्या आधी. पानांना गोल भोकं दिसली तेव्हाच मी ओळखलं आणि या वयात वाळूत गुडघे टेकून बसले. करंगळीच्या नखाएवढा. पाठ कासवासारखी उंच, डोकं ढालीखाली, वरून दिसतच नाही. कडा काचेसारखी, तिच्यातून पानाची शीर दिसते आणि तो चालायला लागला की पायही दिसतात. त्या काचेवर चार ठिकाणी तपकिरी डाग उतरलेले. आणि मधे सोनं. भिंग पिशवीत होतं, पण ते काढायलाही थांबले नाही, नुसत्या डोळ्यांनी बघितलं. शेजारच्या पानावर त्याची अळी होती, काटेरी, आपली जुनी कात आणि घाण शेपटीवर तोलून पाठीवर छत्रीसारखी धरलेली. तू तिला बघून म्हणायचीस, "बघ गो, घरचो केर डोक्यार घेवन फिरता." तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगते.

तेव्हा होड्यांना शिडं होती. आम्ही मुली शाळेत जाताना वेलीवरून सोनकिडे काढायचो आणि कपाळावर टिकलीसारखे चिकटवायचो. एक दिवस वर्गात गुरुजी कीटकांचे रंग सांगत होते. मी उठून म्हटलं, आमच्या वाळूत सोन्याचा किडा असतो. गुरुजी बाहेरगावचे, नवे. ते म्हणाले, "आणून दाखव." मी एक काड्यापेटीत घालून ठेवला. मधे शाळेला सुट्टी आली, तो पेटीतच राहिला. वर्गात पेटी उघडली तेव्हा आत एक मेलेला, मातकट किडा होता. इतर मुलींनी कपाळावर हेच लावलं होतं, पण त्या दिवशी माझ्या बाजूने एकही बोलली नाही. उलट मागच्या बाकावरची एक ओरडली, "सोनारीण इली गो, सोनारीण! ह्यो तर ढेकूण!" गुरुजी हसले नाहीत. पण त्यांनी पुस्तकातलं काळं-पांढरं चित्र शेजारी ठेवून म्हटलं, "आकार जुळतो. सोन्याचं मात्र तुला वाटलं असेल." मला वाटलं असेल! मी घरी येऊन सांगितलं की सोनं दाखवल्याशिवाय मी शाळेत पाऊल टाकणार नाही. खोटारडी म्हणून बसणार नाही.

तू सुकवायची मासळी पसरत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "नुसती सुकवलंस तर मासळी पण काळी पडता. मीठ लावक व्हया." आणि तू खरंच लावलंस. आपण दोघींनी वेलीवरून दोन किडे आणले आणि तू बरणीत खाली मीठ, वर मीठ करून ते ठेवलेस, बांगडे ठेवावेत तसे. मला त्यात काही चुकीचं दिसलं नाही. आपल्या घरात टिकवायची प्रत्येक गोष्ट मिठातच जायची.

सोमवारी सकाळी बरणी उघडली. दोन्ही मातकट. काड्यापेटीतल्यापेक्षाही जास्त.

मी चुलीपाशी बसून रडतेय. पेज रटरटतेय. तू माझ्याकडे बघतेस आणि वैतागतेस. "रडतंस कित्या? खारो बांगडो तसोच खातंस काय? आदी भिजत घालूक व्हयो." तू करवंटीत पाणी घेतेस, दोन्ही किडे त्यात सोडतेस आणि पेज ढवळायला वळतेस. मी बघत राहते, कारण दुसरं काही करण्यासारखं नाही. मीठ सुटतं. पाणी गढूळ होतं, तू ते बदलतेस. मग एकाच्या पाठीवर, अगदी मधल्या उंचवट्याशी, काहीतरी हलल्यासारखं होतं. हललेलं नसतं. पिवळं होत असतं. पिवळं पसरतं, चकाकतं, काचेच्या कडेपर्यंत येतं. मेलेल्या किड्यावर सोनं चढतं. "आये!" तू पळी हातात घेऊनच वाकतेस. "इलो! इलो गो, इलो!" तू इतक्या मोठ्याने ओरडलीस की शेजारीण कुंपणापाशी येऊन विचारायला लागली, कोण इलो? मुंबयचो पावणो?

मग तू ओल्या बोटाने तो उचललास. पाण्याबाहेर टिकतो का ते बघायला हवं होतं. हातावर ठेवता आला असता. तू तो कपाळावर लावलास. बाबा होडीसकट परत आले नाहीत त्या वर्षापासून त्या कपाळावर काही नव्हतं. "दिसता?" तू विचारलंस. मी म्हटलं, "दिसता, आये." तू हललीही नाहीस. पाण्याचा एक थेंब तुझ्या नाकावरून खाली उतरला. मग तू किडा करवंटीत परत टाकलास, पदराने कपाळ पुसलंस आणि मला ओरडलीस, "बघतंस काय? धाव, घंटा झाली!"

मी धावले. करवंटी हिंदकळत होती, पोचेपर्यंत पाणी जेमतेम तळाशी उरलं. गुरुजींनी किडा तळहातावर घेतला आणि तो चकाकला तेव्हा सगळा वर्ग बाकांवर चढला. सोनं विरायला लागलं तसे गुरुजी ओरडले, "पाणी! पाणी आणा!" ढेकूण म्हणणारी मागच्या बाकावरचीच पाणी घेऊन आली. सोनं पुन्हा आलं. गुरुजींनी फळ्यावर ओळख लिहायला घेतली: डोकं झाकलेलं, कडा पारदर्शक, चार डाग. पेटीतला किडा आठवून लिहिलेलं 'रंग मातकट' त्यांनी पुसलं आणि लिहिलं, 'रंग सोनेरी, ओल असेपर्यंत.' मला एवढा आनंद पुन्हा फारसा झाला नाही. आज सकाळी झाला.

गुरुजींनी विचारलं, भिजवायचं कुणी सुचवलं? मी सांगितलं, आईने, खाऱ्या मासळीवरून. त्यांनी मान डोलावली. मग विचारलं, "पाण्याबाहेर टिकतं का, हे घरी बघितलं होतंस? कशावर ठेवून?"

तुला वाचता येत नव्हतं आणि आता तू नाहीस. हा कागद कुठेच जायचा नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी वर्गात मी सांगितलं ते सगळं खरं होतं, एवढं सोडून. मी म्हटलं, "हातावर."